गोटखैरीचा निरंक अहवाल

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५
पतसंस्थेची डायरी आज हातात पडली. सव्वा महिना उशिरा, पण कागद चांगला आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी दोन रकाने छापलेत, ‘आजचा संकल्प’ आणि ‘पूर्तता’. पद्धत आवडली. आधी तलाठी, मग मंडळ अधिकारी अशी चौतीस वर्षं काढल्यावर रकाना दिसला की हात शिवशिवतो. रिटायर झाल्यापासून तीन वर्षांत भरण्यासारखा एकही रकाना समोर आला नव्हता.
संकल्प: रोज सकाळी पाच किलोमीटर चालणे. साखर बंद. शिलावर्तुळांवर पुस्तक लिहिणे.
पूर्तता: प्रगतिपथावर. (चाललो नाही. बूट घ्यावे लागतील.)

मंगळवार, ११ फेब्रुवारी
पुस्तकाविषयी. नागपूरच्या चहूकडे माळांवर काळ्या गोट्यांची मोठाली रिंगणं आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची थडगी. त्या लोकांनी कुठून कुठून गोटे ओढून आणले, गोल मांडले, मधे आपला माणूस पुरला आणि निघून गेले. बुटीबोरीच्या पुढे गोटखैरी म्हणून गाव आहे. २००४ साली मी तिथे तलाठी होतो. तिथे अशी तेवीस रिंगणं. या विषयाचा इतका प्रत्यक्ष अनुभव असलेला लेखक दुसरा मिळणार नाही. पुस्तकाचं नावही ठरलं: ‘शिलावर्तुळे आणि मी’.
रविवारी ताराचंदचा फोन आला होता. त्याचा आणि पुस्तकाचा काही संबंध नाही.
पूर्तता: नाव झालं म्हणजे निम्मं पुस्तक झालं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी, सकाळी ७
ताराचंदचा पुन्हा फोन. हा गोटखैरीचा कोतवाल होता, माझा तेव्हाचा उजवा हात. दवंडी, नोटिसा, मोजणीची साखळी ओढणं, सगळं तोच. आता सत्तरीला टेकला असेल. सांगत होता, ज्या वावरात रिंगणं आहेत ते मालकाने, म्हणजे भैय्याजींनी, प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्याला दिलं. नंदनबाग, फेज टू. ‘साहेब, गोट्यायवर जेसीबी चालून राहिला जी. चार रिंगणं गेले. एकोणीस हायेत. तुम्ही तेव्हा कागदावर चढवले ना तेवीस? त्याची नक्कल तेवढी मले काढून द्या. बाकी मी पाहतो.’
मी म्हटलं, अर्ज दे. म्हणाला, दिला जी तहसीलमधे, त्यात तुमचं नाव लिहिलं. गावातही सगळ्यांना सांगून ठेवलंय म्हणे, आमच्या साहेबांनी नोंद केली आहे, गोट्यांना कोणी हात लावू शकत नाही. वीस वर्षांपासून सांगतोय.
चहात दोन चमचे साखर घातली. अशा वेळी लागते.
संकल्प: नक्कल काढून देणे.
पूर्तता: कार्यवाही सुरू.

शनिवार, १५ फेब्रुवारी
नक्कल काढायला सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. ऑफिस बंद. शनिवारी बंदच असतं. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने मुद्दाम शनिवार निवडला असं कोणी म्हणेल. पण म्हणणार कोण? डायरी माझी आहे.
येताना तर्री पोहे खाल्ले.
पूर्तता: पाठपुरावा केला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी, दुपारी
ही डायरी दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून वस्तुस्थिती नमूद करून ठेवतो.
डिसेंबर २००४ मधे वरून परिपत्रक आलं. आपल्या हद्दीतील प्राचीन अवशेषांची माहिती सोबतच्या नमुन्यात भरून पाठवावी, नसल्यास ‘निरंक’ अहवाल सादर करावा. नमुन्यात एकेका रिंगणासाठी चौदा रकाने. रिंगणं तेवीस. आणि त्याच महिन्यात पीक कापणी प्रयोग, मतदार याद्या, पोलिओचा रविवार. माणूस एकटा. ‘निरंक’ हा एकच शब्द आहे, सरकारमान्य आहे, आणि तो लिहिला की पुढचे सगळे रकाने आपोआप भरल्यासारखे होतात.
ताराचंदने दोन दिवस माळावर फिरून मोजणी केली होती. एकदा मोजलेलं रिंगण परत मोजलं जाऊ नये म्हणून चुन्याचं डबडं घेऊन प्रत्येक ठिकाणी एका गोट्यावर पांढरा ठिपका देत गेला. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, तेवीस साहेब. मी म्हटलं, शाब्बास, लिहिलं.
लिहिलं होतंच. काय लिहिलं ते त्याने विचारलं नाही.
पूर्तता: वस्तुस्थिती नमूद.

गुरुवार, २० फेब्रुवारी
बचावाचा मुद्दा सापडला! गावात त्या रिंगणांना ‘गवळ्याचे गोटे’ म्हणतात. कोतवालाने ‘गोटे’ म्हटलं, मला ‘गोठे’ ऐकू आलं. गोठा हा प्राचीन अवशेषात मोडत नाही. सबब निरंक. खुलाशाचा मसुदा एका बैठकीत लिहिला. भाषा अशी जमली की नोकरीत असतो तर साहेबांनी बोलावून कौतुक केलं असतं.
हिला वाचून दाखवला. ही म्हणजे माझी पत्नी मनकर्णा. ती कणिक मळत होती. म्हणाली, ‘पण तुम्हीच तर सांगत होते, गोट्यावर बसून रोडगे खाल्ले म्हणून. मंग ते का गोठ्यावर चढून बसले होते जी?’
मसुदा राखून ठेवला आहे.
ताराचंदचा मेसेज: चवदा राहिले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
रोडग्यांचा विषय निघालाच आहे तर तेही लिहितो.
अहवाल पाठवायच्या आदल्या दिवशी भैय्याजींनी वावरात रोडग्यांचा कार्यक्रम ठेवला होता. गोवऱ्यांच्या आगीत भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. मी सातव्या रिंगणातल्या एका सपाट गोट्यावर बसलो होतो. त्यावर वाटीएवढ्या गोल गोल खळग्या कोरलेल्या आहेत, बाजूला चुन्याचा ठिपका ताजा होता. भैय्याजी म्हणाले, सरकारचा बोर्ड एकदा लागला का साहेब, आपल्याच वावरात आपल्याले नांगर घालता येत नाही. मग म्हणाले, अजून एक घ्या. मी तीन घेतले. हात धुतले आणि शेजारच्या गोट्यावर फॉर्म ठेवून तो शब्द लिहिला. टेकायला चांगली जागा होती.
रोडगा ही लाच होत नाही. नियमात रोडग्याचा कुठेही उल्लेख नाही. तरी गेल्या वीस वर्षांत कुणाकडेही रोडग्यांचं आमंत्रण असलं की माझं पोट बिघडतं. हिला वाटतं मला वांगं चालत नाही.
गावाच्या नावातच गोटा आहे. अहवालात नाही.
संकल्प: सोमवारी ताराचंदला फोन करून सगळं सांगणे.
पूर्तता: सोमवारी लिहीन.

सोमवार, २४ फेब्रुवारी
फोन लावला. त्याने उचलला. मी विचारलं, तिकडे ऊन कसं आहे?

रविवार, २ मार्च, दुपारी १
ताराचंद आला होता. इथे बेसाला आमच्या घरापर्यंत दोन बस आणि एक ऑटो करून. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात फाइल. फाइलमधे त्याच्या अर्जाची पोच, गोट्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो आणि वहीच्या पानावर त्याने स्वतः काढलेला तेवीस गोलांचा नकाशा. चौदा गोलांवर लाल फुली. नऊ उरलेत.
हिने जेवायला बसा म्हटलं. तो हातपाय धुवायला मागच्या अंगणात गेला आणि परत येईना. मी गेलो. धुण्याच्या दगडासमोर उकिडवा बसला होता. खळग्यांवरून बोट फिरवत होता. एका खळगीत हिची साबणाची वडी होती, ती त्याने उचलून अलगद बाजूला ठेवली. म्हणाला, ‘बारा हायेत. हा सातव्या रिंगणातला होय ना जी?’
(वस्तुस्थिती: २००६ मधे या घराच्या वास्तुशांतीला भैय्याजींनी ट्रॅक्टरमधून पाठवला होता. नको म्हणायला मी घरी नव्हतो. घरी होतो, पण पूजेला बसलो होतो.)
मी खुलासा करायच्या आत तोच म्हणाला, ‘बरं केलं साहेब. तुम्ही सांभाळून ठेवला. वावरात राहिला असता तर गिट्टी झाली असती याची. एकदा पाहणी लागली ना, का हा दाखवू आपण. हा आन तुमचा अहवाल. मंग कोण काय बोलते पाहू.’
जेवताना हिने भाकरी वाढली तर म्हणाला, साहेबांसारखा माणूस तलाठी म्हणून पुन्हा आला नाही गावाला. ही माझ्याकडे पाहत होती. मी लोणचं मागितलं.
पूर्तता: 

सोमवार, ३ मार्च
रात्र तळमळण्यात गेली, पण सकाळी वेगळा विचार आला. ताराचंद म्हणतो त्यात तथ्य आहे. तो दगड माझ्याकडे आहे म्हणून आहे. एकोणीस वर्षं मी त्याचं संवर्धन केलं, रोज धुतला गेला. एखाद्या म्युझियममधेही इतका रोज धुतला गेला नसता. पुस्तकात ‘एका शिळेचे जतन’ असं प्रकरण घालावं लागेल. अर्पणपत्रिका ताराचंदला. (नको. मनकर्णाला. धुणं तिने धुतलं.)
संकल्प: साबण दुसरीकडे ठेवायला सांगणे.
पूर्तता: सांगितलं. ती म्हणाली, ‘काहून? बरोबर मावते तिथं.’

शुक्रवार, १४ मार्च
धुळवड. बाहेर पडलो नाही. ताराचंदचा मेसेज, वर रंगाची पिचकारी आणि खाली एकच आकडा. ५.

मंगळवार, १८ मार्च
तहसीलची नोटीस आली. माझ्या नावाने. गुरुवार, २७ मार्च, सकाळी ११, मौका पाहणी, तत्कालीन तलाठी म्हणून उपस्थित राहावे. गार्ड फाइलमधून माझा अहवाल काढून ठेवतील. म्हणजे नक्कल काढायचं काम सरकारनेच केलं. माझा त्रास वाचला.
पाहणीला नायब तहसीलदार येणार, दीप्ती मॅडम. फोन करून चौकशी केली, तरुण आणि कडक आहेत म्हणतात. उत्तम. तिथे उभं राहून सांगतो, मॅडम, तो शब्द माझा आहे आणि चुकीचा आहे. रिंगणं तेवीस होती, ताराचंदने मोजली, आणि हा पाहा त्यातला गोटा. पेन्शन जात नाही, एका वकिलाला विचारलं. नाव जाईल थोडं. जाऊ दे. वाक्य पाठ केलं. आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. मी मुळात चांगला माणूस आहे असं वाटलं.
संकल्प: दगड घेऊन जाणे. भाड्याने टेम्पो चालवणाऱ्या विक्कीचा छोटा हत्ती सांगून ठेवला, २७ ला सकाळी नऊ.
पूर्तता: पूर्ण झाल्यातच जमा.

बुधवार, २६ मार्च, सायंकाळी
सगळी तयारी. फळ्या, दोरखंड, जुनं पोतं. विक्की दोन माणसं आणतो म्हणाला. ताराचंदचा फोन आला. काल उरलेलं सगळं सपाट केलं, म्हणाला. आवाज बसलेला होता. मग म्हणाला, ‘काही हरकत नाही जी. गोटे वर होते, माणसं खाली हायेत अजून. आपला गोटा हाय, आपला कागद हाय.’
मी म्हटलं, येतो.
आता माघार नाही.

गुरुवार, २७ मार्च, सकाळी ९.४०
हिने रजया भिजवल्या. थंडी संपली, रजया धुवून ठेवायच्या. चार रजया त्या दगडावर, वर बादली. विक्की फाटकाशी हॉर्न वाजवत होता. मी हिला म्हटलं, दगड न्यायचा आहे. ती म्हणाली, आजच काहून? संध्याकाळी न्या.
तिला नीट सांगितलं असतं तर तिने लगेच उचलल्या असत्या. ती तशी आहे. पण सांगायचं म्हणजे रोडग्यांपासून सांगावं लागलं असतं, आणि साडेनऊ होत आले होते. विक्कीला परत पाठवलं. आधी तोंडी सांगतो, मग मॅडमना घरीच दगड पाहायला बोलावतो. चहाही होईल. हे जास्त पद्धतशीर.

त्याच दिवशी, सायंकाळी ५
थोडक्यात लिहितो.
माळ नाही. सपाट मुरूम. प्लॉटच्या रेघा चुन्याने आखलेल्या. ताराचंद तोच पांढरा शर्ट घालून उभा होता. माझ्या मागे गोट्याची गाडी येतेय का ते पाहत होता. आली नाही. त्याने मला सावलीत उभं केलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.
मॅडमनी फाइल उघडली, ताराचंद दोन पावलं पुढे सरकला. त्यांनी मोठ्याने वाचलं. मौजे गोटखैरी, प्राचीन अवशेष, निरंक. मग मला विचारलं, सही तुमचीच ना?
पाठ केलेलं वाक्य होतं. पहिला शब्द ‘मॅडम’ होता. तेवढा म्हटला. पुढे म्हणालो, हो, माझीच.
ताराचंदने कागद मागून घेतला. त्याला वाचता येतं, पण त्याने त्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग मला हळूच विचारलं, ‘तेवीस होते ना जी?’
मी म्हणालो, जुनं आहे, रेकॉर्ड पाहून सांगावं लागेल. रेकॉर्ड त्याच्या हातातच होतं.
मॅडम वाईट नव्हत्या. म्हणाल्या, वर काही राहिलं नसलं तरी खाली असेल. इथला एक जरी खुणेचा दगड मला दाखवला तर मी आजच काम थांबवते. आहे का कुणाकडे?
ताराचंदने माझ्याकडे पाहिलं. त्याला सांगता आलं असतं. बेसाला आहे, साहेबाच्या मागच्या अंगणात आहे, बारा खळग्या आहेत. त्याने कितीतरी वेळ वाट पाहिली. मी बुटांकडे पाहत होतो. बूट नवीन आहेत, चालायला घेतलेले.
मग तो म्हणाला, ‘नाही जी मॅडम. मोजण्यात माझीच चूक झाली असंन. मी काही शिकलेला नाही.’
पंचनामा झाला. पाहणीत आढळलेले अवशेष: निरंक. पंच क्रमांक दोन म्हणून मी सही केली. सही चांगली आली. माझा अहवाल वीस वर्षांनी बरोबर ठरला.
निघताना ताराचंदने नकाशाची घडी करून फाइलमधे ठेवली आणि मला गाडीपर्यंत सोडायला आला. दार त्याने उघडलं. सवय आहे त्याला.

शुक्रवार, २८ मार्च
लाज वाटते. दुसरं काही लिहायला नाही.

मंगळवार, १ एप्रिल
ताराचंदला फोन केला. लागत नाही. पुन्हा केला. फोन लागत नाही याचं बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईट वाटलं.

शनिवार, ५ एप्रिल
हिला सगळं सांगितलं. रोडग्यांपासून. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, ‘मले तेव्हाच सांगतले असते तर रजया परसात पडल्या असत्या, का आभाळ कोसळलं असतं?’ उठून आत गेली. नंतर मी मागे गेलो तर दगड रिकामा होता, पुसून ठेवलेला.

मंगळवार, ८ एप्रिल
आज गेलो. विक्की आला, दोन माणसं आली, फळ्यांवरून दगड चढवला. हीसुद्धा फाटकापर्यंत आली. निर्णय असा की दगड जिथला तिथे नेऊन ठेवायचा, मग ताराचंदच्या घरी जाऊन त्याला हाताला धरून आणायचं आणि दाखवायचं. पुढचं पुढे.
सातवं रिंगण कुठे होतं ते मला ओळखता आलं नाही. चुन्याच्या रेघांवरून अंदाज घेत आम्ही दोनदा फिरलो. शेवटी एका जागी गाडी उभी केली, माणसांनी दगड अर्धा उतरवला, तेवढ्यात लेआउटचा वॉचमन काठी घेऊन आला. माझ्याच वयाचा माणूस. ‘ओ काका, मलबा इथं नका टाकू! बोर्ड दिसत नाही काय तुम्हाले?’
बोर्ड होता. इथे मलबा टाकण्यास सक्त मनाई आहे.
मी त्याला सांगायला लागलो. म्हटलं, हा मलबा नाही, हा इथलाच आहे, तीन हजार वर्षं जुना. तो म्हणाला, इथं असं काही नव्हतं. साहेब लोक पाहून गेले, कागद झाला त्याचा. तुम्ही आपला गोटा घरी न्या.
विक्की म्हणाला, अंकल, मले दुसरं भाडं आहे.
ताराचंदच्या घराकडे गेलो नाही. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. हात रिकामे नव्हते खरं तर.
दगड परत मागच्या अंगणात. पहिल्यापेक्षा थोडा तिरपा बसलाय. हिने पाहिलं. थोड्या वेळाने माझे दोन शर्ट आणून घासायला बसली, आणि साबणाची वडी खळगीत ठेवली. बरोबर मावते.
संकल्प: 
पूर्तता: निरंक.